धुळीचं पांढरं

यंदा शाळेच्या खिडक्यांवर धूळ लवकर बसली. कोल्हारच्या पुढं रस्ता रुंद करायचं काम निघालंय आणि नदीच्या अलीकडं माळावर खडी फोडायचं यंत्र बसवलंय. दिवसभर त्याची घरघर चालते. मागच्या साली पावसानं हात आखडता घेतला, त्यामुळं वारं सुटलं की त्याला अडवायला ना गवत ना ओल. दुपारच्या चित्रकलेच्या तासाला मी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवते. बोटाला पीठ लागतं. मऊ, कोरडं, किंचित चरचरीत. मुलं वहीत मान घालून मडकं काढत असतात, माझ्याकडं कुणाचं लक्ष नसतं. मी ते बोट अंगठ्यावर घासते आणि पदराला पुसून टाकते.

त्याच आठवड्यात नगरहून पत्र आलं. जिल्ह्यातल्या चित्रकारांची रेखाटनं आणि पेस्टल जिथं ठेवलीत त्या सार्वजनिक संग्रहाकडून. जुन्या चित्रांच्या चौकटी बदलायचं काम सुरू आहे, नोंदवहीतल्या आपल्या हस्ताक्षरातल्या एका नोंदीबाबत शंका आहे, असं. नोंद त्यांनी उतरवून पाठवली होती: ‘खडी फोडणारी बाई. गुलाब आतार, पाथर्डी. खाकी कागदावर पेस्टल. पांढरा ठळक. फवारा मारलेला नाही.’ आणि खाली सरकारी वळणाचं वाक्य: ‘प्रत्यक्ष चित्रावर लाखेच्या फवाऱ्याचा थर आढळतो, तसेच पांढरा रंग ठळक आढळत नाही. सबब नोंद चुकली आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.’

नोंद चुकलेली नाही. त्या सगळ्या प्रकरणात मी खरं बोलले ते तेवढ्या एका ओळीतच.

मी मुळात कमी बोलणारी. शाळेत सगळे म्हणतात, शालनबाई शांत आहेत. बरं वाटतं ऐकायला. पण माझं न बोलणं काय आहे ते मला ठाऊक आहे. पन्नाशी उलटली. आता एवढं तरी सरळ लिहावं म्हणते.

*

गुलाब मास्तर पाथर्डीला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. उंच, वाळकुडे, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी टोक केलेला कोळसा. खिसा कायम काळा. एलिमेंटरीच्या परीक्षेचे दिवस आले की रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण त्यांच्या घरी जायचो. गणपती नुकतेच उठलेले असायचे. अंगणात एक भिंत होती, दरवर्षी चुन्यानं पोतारलेली. तिच्यासमोर गोणपाटावर आम्हाला बसवायचे आणि पहिलाच धडा असा: पांढरं काढा.

आम्ही हसायचो. पांढरं काय काढायचं? कागदच पांढरा. मग मास्तर वह्यांना घालायचा खाकी कागद पुढं टाकायचे. ताटलीत एक अंडं ठेवायचे, मागं ती भिंत. अंडं पांढरं, ताटली पांढरी, भिंत पांढरी. “तिन्ही सारखंच हाय का? बघा. नीट बघा. हात नंतर हलवा.” तासभर नुसतं बघायचं. आणि खरंच, ऊन सरकत गेलं की कळायचं, ताटलीचं पांढरं निळसर आहे, भिंतीचं दुधासारखं, आणि अंड्याचं तर पोटात दिवा लावल्यासारखं गुलाबी आहे. हे मला त्या वयात कुणी दाखवलं नसतं तर मी आयुष्यभर तीन पांढऱ्या वस्तू म्हणूनच पाहिल्या असत्या.

आतून चाची, म्हणजे मास्तरांची बायको, दोनदा डोकावून जायच्या.

“झालं का तुमचं? मला त्याचं कालवण करायचंय.”

“थांब गं. पोरींनी अजून सावली न्हाई काढली.”

“सावली तुमी ठिवा, अंडं मला द्या!”

खडू मास्तर घरीच करायचे. पेस्टलची पेटी पुण्याला मिळायची, आणि मास्तर कशाला जातील पुण्याला? रांगोळीचा दगड कुटून वस्त्रगाळ करायचा, त्यात डिंकाचं पाणी अगदी बेतानं, आणि पाटावर शेवईसारख्या वळ्या वळून उपड्या सुपावर सावलीत वाळवायच्या. गेरूचा तांबडा, काजळीचा काळा, निळीचा निळा. पण मन लावून करायचे ते पांढरा. डिंक जास्त झाला तर खडू कागदावर घसरतो, कमी झाला तर हातात भुगा होतो. मास्तर वळी हातात घेऊन गालाला लावून बघायचे. बाळाला ताप आहे का बघतात तसं.

आजही शाळेत कुणा मुलीनं नवा खडू फळ्यावर टेकवला की त्या पहिल्या कुरकुरीत आवाजाला मला पाथर्डीची ती रविवार सकाळ ऐकू येते. चुलीवरच्या तव्याचा वास, बाहेर बैलगाडीची चाकं, आणि मास्तर मागून वाकून म्हणताहेत, “दाबू नको. त्याला कागदावर बसू दे आपल्या आपन.”

*

बाहत्तर साली पाऊस आलाच नाही. मी तेव्हा पुण्याहून चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा घेऊन परतले होते आणि नगरला त्या नव्यानं निघणाऱ्या संग्रहात तात्पुरती नोकरी लागली होती. काम असं की तालुक्या-तालुक्यातून येणारी चित्रं नोंदवायची, पाठीला पुठ्ठा लावायचा, चौकटीत बसवायची. संग्रहाचे चिटणीस आप्पा, निवृत्त हेडमास्तर. त्यांची हौस दांडगी. चित्र काढणारा माणूस जिल्ह्यात जिथं असेल तिथून शोधून आणायचे. कोल्हारच्या एका पोस्टमननं पेन्सिलीनं काढलेला नदीचा घाट आला. नागापूरच्या कारखान्यातल्या फिटरनं यंत्रांची रेखाटनं पाठवली, प्रत्येक नटबोल्ट वेगळा. तमाशाचे पडदे रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं घोडे पाठवले, सगळे डावीकडं तोंड केलेले. विचारलं तर म्हणाला, उजवीकडचा घोडा मला येत नाही. त्या खोल्यांना डिंकाचा, नव्या लाकडाचा आणि कागदाचा एक वास होता. त्या वासात मी सुखी होते. तेवढी सुखी पुन्हा झाल्याचं आठवत नाही.

फाल्गुनात मी घरी गेले होते. मास्तर म्हणाले, चल, तुला एक गंमत दाखवतो. सायकलच्या कॅरिअरवर मला बसवून ते पाथर्डीबाहेर रस्त्याच्या कामावर घेऊन गेले. दुष्काळी काम. एरवी दसरा झाला की ऊसतोडीला निघून जाणारी घरंच्या घरं त्या साली तिथं माळावर बसली होती. उन्हाला अडवायला गोणपाटाची छपरं, आणि खाली बायका हातोड्यानं खडी फोडत होत्या. त्या आवाजाला ताल नव्हता. शंभर हातोडे, शंभर वेळी. आणि सगळ्यांवर पांढरी धूळ. केसांवर, कपाळावर, दंडावर. पापण्यांवर सुद्धा.

मास्तर दर रविवारी तिथं येत होते. एक बाई त्यांच्या ओळखीची झाली होती. ती थकली की हातोडा बाजूला ठेवून गुडघ्यावर हात सोडून बसायची, तेवढ्यात ते काढायचे.

“मास्तर, माजं थोबाड काय काढता? ह्या धोंड्याचं काढा. त्यो गप तरी बसतोय.”

“धोंडा बोलत न्हाई बाई. करमत न्हाई त्याच्यासंगं.”

बायका हसल्या. मास्तर खाकी कागदावर आधी काळ्यानं, गेरूनं तिचं बसणं मांडायचे, आणि मग शेवटी तो पांढरा घ्यायचे. त्या दिवशी पाहिलं, त्यांनी खडू खाली ठेवला, तिच्यापुढच्या ढिगातला भुगा चिमटीत घेतला आणि बोटानं कागदावर, तिच्या पापण्यांवर, मनगटावर, सोडलेल्या बोटांवर हळूच टेकवला. खडीची धूळ खडीच्याच धुळीनं. चित्र एकदम उजळलं. तोवर ती एक बसलेली बाई होती. आता ती दुपार झाली, तो माळ झाला.

तिनं वाकून पाहिलं. “अगं बया! मी म्हातारी झाले का काय?”

“न्हाई गं. खडी हाय ती. धुतली का जाईल.”

*

चित्र मास्तर स्वतः घेऊन आले. एसटीनं, पाथर्डीहून नगरपर्यंत मांडीवर आडवं धरून. खाली फळी, वर बटर पेपर, त्यावर दुसरी फळी टेकवलेली, दाबलेली नाही. आल्याबरोबर मला कंडक्टरची गंमत सांगितली. “त्यो म्हनला, मास्तर, पापड हायेत का? मी म्हनलं, पापडच समज बाबा. धक्का लागला का चुरा.”

ठेवताना त्यांनी मला बजावलं. एकदा नाही, तीनदा. “फवारा मारायचा न्हाई, शालन. धूळ हाय ती. धूळच राहू दे. काच लावशील ती अंतरावर लाव. बास.”

मी मान डोलावली. त्याच दुपारी नोंदवहीत लिहिलं: फवारा मारलेला नाही.

उद्घाटनाला चार दिवस राहिले. आप्पा येता-जाता म्हणायचे, “बाई, ह्याच्यासमोर कुणी शिंकलं तर चित्रातली बाई उडून जायची!” ते थट्टा करत होते. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की चित्र टिकावं म्हणून मी ते केलं, आप्पांच्या बोलण्यामुळं केलं. खोटं आहे. पुण्याहून मी पत्र्याची फुंकनळी आणली होती, काटकोनात जोडलेल्या दोन बारीक नळ्या. एक बाटलीत बुडवायची, एक तोंडात धरून फुंकायचं, की लाख विरघळवलेलं स्पिरिट दवासारखं कागदावर पडतं आणि रंग पक्का होतो. हे मला येत होतं आणि मास्तरांना येत नव्हतं. ज्यांनी मला बघायला शिकवलं, त्यांच्यापेक्षा मला एक गोष्ट जास्त कळते, हे त्यांच्याच चित्रावर एकदा करून बघायचं होतं. बस, एवढंच. लिहायला इतकी वर्षं लागली.

दुपारची वेळ, आप्पा जेवायला गेलेले. मी चित्र भिंतीला टेकवलं आणि फुंकलं. दव पडलं. आणि बघता बघता पांढरं विझलं. पापण्या गेल्या, मनगट गेलं, बोटं गेली. खाकी कागद तिच्यातनं वर आला.

मी घाबरले नाही, हे आज नवल वाटतं. मला पाटी आठवली. लहानपणी पाटीवर ओलं फडकं फिरवलं की अक्षर दिसेनासं व्हायचं, आणि वाळलं की भुतासारखं परत उगवायचं. आपण सगळीच पाटीवर शिकलेली माणसं. मला वाटलं, वाळलं की येईल. पंखा लावून समोर बसले. स्पिरिटचा वास उडून गेला. तिन्हीसांजेपर्यंत बसले. थोडं आलं, राखेसारखं, मळकट, खाली कुठंतरी. पांढरं आलं नाही. स्पिरिट उडून जातं, पण लाख मागं राहते आणि धुळीला काचेसारखी आरपार करून टाकते, हे पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. मास्तरांना ते कुठल्या डिप्लोम्याशिवाय ठाऊक होतं.

वरचा बटर पेपर घडी करायला घेतला तेव्हा दिसलं. प्रवासात एसटीच्या हादऱ्यांनी चित्राची धूळ त्याला लागली होती. उलटी, पुसट, पण तीच. दोन पापण्या, मनगटाचा बाक, गुडघ्यावर सोडलेली पाच बोटं. तेवढं पांढरं वाचलं होतं. मी तो कागद माझ्या मोठ्या फोल्डरमध्ये सपाट ठेवला आणि नाड्या बांधल्या.

*

उद्घाटनाला मास्तर चाचींना घेऊन आले. धुतलेला सदरा, आणि पहिल्यांदाच खिसा काळा नव्हता. लोक पोस्टमनच्या घाटापुढं, घोड्यांपुढं गर्दी करत होते. मास्तर सरळ आपल्या चित्रापाशी गेले. चेहऱ्यावर हसू आधीच घेऊन गेले होते. ते तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुढं गेले. मागं आले. उजेड कुठल्या खिडकीतनं येतोय ते बघितलं.

“शालन, ये जरा इकडं.”

“काय मास्तर?”

आवाज बारीक करून, मला एकटीलाच ऐकू येईल असं ते म्हणाले, “ह्या बाईच्या पापनीवर, हातावर... तुला पांढरं दिसतंय का?”

मला वाटलं होतं ते रागावतील, विचारतील काय केलंस म्हणून. त्याची मी रात्रभर तयारी केली होती, रडायची सुद्धा. पण हा प्रश्न मी धरला नव्हता. त्यांच्या मनात माझ्याबद्दल शंका आलीच नाही. मी सांगितलेलं ऐकणार हे त्यांनी धरलेलंच होतं, त्यामुळं उरलं काय, तर त्यांचे स्वतःचे डोळे.

“दिसतंय ना, मास्तर.”

“चांगलं दिसतंय?”

“चांगलं दिसतंय.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चित्राकडं. “मग झालं तर,” म्हणाले. आणि चाचींकडं वळून हसत, “ऐकलंस का? डोळ्याचं बघाया लागतंय.”

“मी कवाची सांगतीय! परवा ह्यांनी दूध म्हनून चुन्याची निवळी उचलली.” चाची थट्टेनं म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो. मी हसले, हे मला सर्वांत जास्त आठवतं.

*

मृग लागला तेव्हा पाऊस नीट पडला. माळ हिरवा झाला, रस्त्याची कामं थांबली. मी मनाशी ठरवून पाथर्डीला गेले. फोल्डर काखेत होतं, बटर पेपर आत. सांगायचं आणि दाखवायचं.

मास्तर अंगणात भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले होते. एका डोळ्यावर तळहात. मग दुसऱ्यावर. त्यांना मी आलेली कळली नाही. पावसाच्या ढगात त्या भिंतीला तेव्हा किती प्रकारचं पांढरं होतं ते मला अंगणाच्या दारातनं दिसत होतं.

“डाक्टरकडं जाऊन आलो,” मी समोर जाऊन बसल्यावर ते म्हणाले. “म्हनतो, वयाच्या मानानं लई चांगले हायेत डोळे. त्याला काय गं. तक्त्यावरली अक्षरं वाचून दावली का झालं. पांढऱ्यातलं पांढरं त्याच्या तक्त्यावर न्हाई.”

मी फोल्डर मांडीवर घेतलं. नाडीला हात लावला. तेवढ्यात चाची चहा घेऊन आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “तू व्हतीस म्हनून कळलं बघ. दुसरं कुनी असतं तर तोंडदेखलं बोललं असतं. तुज्यावर लई भरवसा हाय ह्यांचा.”

नाडी बांधलेलीच राहिली.

निघताना मास्तरांनी आतून लाकडी पेटी आणली. त्यांच्या खडूंची. पांढरे वरच्या कप्प्यात, कापसात. “तू ने. माज्या हातानं आता काय व्हतंय त्ये मलाच कळत न्हाई. चुकीचं पांढरं काढन्यापरीस न काढलेलं बरं.” मी पेटी घेतली. सांगायच्या ऐवजी घेतली.

त्यानंतर त्यांनी चित्र काढलं नाही. शाळेत पोरांना वस्तू मांडून द्यायचे आणि दुसरीकडं बघायचे. पुढं सायकल सोडली. अकरा वर्षांनी गेले. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले होते, बायकांत बसले, उठले, आले. तोवर मी कोल्हारला कायम झाले होते. हजारभर मुलांना तरी मडकं आणि फळं काढायला शिकवलं असेल. पांढरं शिकवलं नाही. पेटी कपाटावर आहे. वर्षातून एकदा कापूस बदलते.

कधी वाटतं, मास्तरांची मला एवढी आठवण येते ती अपराधामुळंच. हे केलं नसतं तर मी त्यांना इतर शिक्षकांसारखं विसरले असते काय? ठाऊक नाही. एवढं मात्र आहे, की ह्या दिवसांत, वारं सुटून सगळं पांढुरकं झालं की, मला त्या सायकलच्या कॅरिअरवर बसायचं असतं. पुढं मास्तरांची घामेजलेली पाठ, समोर माळ, लांबून हातोड्यांचा आवाज. आणि अजून काही घडलेलं नाही.

*

पत्राचा खुलासा मी लिहून काढला. चार ओळी. ‘नोंद बरोबर आहे. पांढरा ठळक होता. फवारा नंतर मी मारला, चित्रकारानं स्पष्ट नाही म्हणून सांगितलेलं असताना. पुरावा म्हणून सोबत बटर पेपर जोडला आहे.’ पाकिटावर पत्ताही घातला. मग वाटलं, नगरच्या कार्यालयाला आधी कळणार आणि पाथर्डीला नाही?

रविवारी गेले. अंगणातली भिंत तीच आहे, तिला आता आकाशी ऑइलपेंट आहे. चाची ऐंशीच्या पुढं गेल्यात, पुतण्याच्या घरातल्या पडवीत खाटेवर बसलेल्या. आवाजावरून ओळखलं. “शालन का? बस. किती वाळलीस म्हनलं असतं, पन मला दिसतंय कुठं.” दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. ऑपरेशन नको म्हणतात.

मी बसले आणि सांगितलं. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा चहा आला असता. फवारा, पाटी, पंखा, बटर पेपर. “दिसतंय ना, मास्तर.” जूनमधली बांधलेली नाडी.

 चाची खाटेची सुंभाची दोरी नखानं उकलत राहिल्या.

“म्हंजी त्यास्नी दिसत हुतं,” शेवटी म्हणाल्या.

“हो.”

“अकरा वर्सं मी त्या मानसाला हाताला धरून रस्ता वलांडला, शालन. बाजारात न्यायची, परत आनायची. ‘जपून, पायरी हाय.’ आन् त्यास्नी दिसत हुतं.” मग थोड्या वेळानं, अगदी हळू, “ती चुन्याची निवळी... तसलं काय झालंच न्हवतं गं. मी थट्टा केल्ती. चार मानसांत हसावं म्हनून.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी काढून घेतला. रागानं नाही, पण काढून घेतला.

“त्यो कागद आनलास?”

फोल्डरच्या नाड्या सोडल्या. बटर पेपर पिवळा पडलाय, कडा ठिसूळ झाल्यात. चाचींनी तो मांडीवर, गडद हिरव्या लुगड्यावर पसरला. लुगड्याच्या काळोखावर पापण्या उमटल्या, मनगट उमटलं, पाच बोटं.  इतक्या वर्षांत मी तो उघडला नव्हता.

चाचींनी कागद डोळ्याशी नेला. लांब धरला. “मला तं नुसता धूर हाय. तू सांग. पांढरं दिसतंय का?”

“दिसतंय, चाची.”

“तवाबी ह्येच म्हनलीवतीस.”

 चाचींनी उत्तराची वाट पाहिली नाही. कागद पुन्हा मांडीवर ठेवला, डाव्या हातानं कड धरली आणि उजवा अंगठा त्यावर टेकवला. मला कळलं त्या काय करणार ते. पाकीट पिशवीत होतं, पुरावा म्हणून सोबत जोडला आहे असं त्यात लिहिलेलं होतं. अडवायला एक शब्द पुरला असता. मी तो बोलले नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं न बोलणं योग्य होतं असं वाटलं.

अंगठा हळूहळू फिरला. आधी एक पापणी, मग दुसरी. मनगटाच्या बाकावरून खाली, एकेका बोटावरून. त्याच्या मागं पिवळा कोरा कागद राहत गेला. सगळा फिरून झाल्यावर चाचींनी अंगठा तर्जनीवर घासला, जात्याखालचं पीठ बारीक आलंय का बघतात तसा, आणि बोट गालाला लावलं.

“हाय,” त्या म्हणाल्या. “हाय गं. खडीच हाय.”